चूर्ण दिलं की खाते, बंद केलं की पुन्हा चारा सोडते

तक्रार बहुतेक वेळा अशी असते. गाईने चारा सोडला. दुकानातून पाचक चूर्णाचं पाकीट आणलं, गुळात कालवून सकाळ-संध्याकाळ दिलं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गव्हाण साफ. आठ-दहा दिवस बरे जातात आणि पुन्हा गाय तोंड फिरवून उभी. मग मोठं पाकीट येतं, मग दुसऱ्या कंपनीचं, मग कुणीतरी सांगितलेला काढा. पैसे जात राहतात आणि दूध काही जागेवर येत नाही.

मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून नगर जिल्ह्याच्या ऊस-मका-घासाच्या पट्ट्यात काम केलं. गावात आम्हाला सगळे डॉक्टरच म्हणतात, पण मी पदवीधर पशुवैद्य नाही. त्यामुळे खाली जिथे ‘इथे थांबा, डॉक्टर बोलवा’ असं लिहिलंय तिथे मीही थांबतो. लिहिताना डोळ्यांपुढे मुख्यतः एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) आणि जर्सी संकरित गाई आहेत. म्हशीला बहुतेक गोष्टी तशाच लागू होतात, फक्त तिचं तापमान अर्धा-एक अंश कमी धरायचं.

चूर्ण आणण्याआधी लक्षण नेमकं ठरवा

‘खात नाही’ एवढं सांगून काही कळत नाही. काय खात नाही, ते बघा.

चारा खाते, पेंड नको म्हणते: गाय विऊन दोन महिन्यांच्या आतली असेल तर आधी किटोसिसचा (दुधासाठी अंगातली चरबी जळून होणाऱ्या आजाराचा) संशय. नाहीतर पोटात आम्ल वाढलंय.

पेंड खाते, चारा टाकते: तोंड, दात, जीभ बघा. किंवा चाराच खराब आहे. मुरघासाच्या वरच्या थराला बुरशी असली की गाय हुंगून मागे सरते, आणि ती बरोबर असते.

सकाळी खाते, दुपारी-संध्याकाळी नाही: उन्हाळा असेल तर उष्णतेचा ताण.

काहीच खात नाही, पण पाणी पिते. काहीच खात नाही आणि पाण्यालाही तोंड लावत नाही. या दोन तक्रारी वेगळ्या आहेत, दुसरी जास्त गंभीर.

याशिवाय चार गोष्टी वहीत टिपा: रवंथ करते का, शेण कसं आहे, दूध किती घटलं, आणि शेवटची कधी व्याली. ही वही पुढे फार कामी येते.

चूर्ण करतं तरी काय

हे आधी समजून घेऊ, म्हणजे पुढच्या तपासण्या का करायच्या ते कळेल.

बाजारातल्या पाचक चुर्णांची पाकिटं उलटून वाचा. सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, हिंग, काळं मीठ किंवा सैंधव, बाळहिरडा, मेथी, कुटकी, किराईत यांतलंच बरंचसं सापडेल. यातली कडू द्रव्यं जिभेला लागली की लाळ सुटते. गाय दिवसाला शंभर लिटरच्या वर लाळ गिळते आणि त्या लाळेत सोड्यासारखा क्षार असतो, तो कोटीपोटातलं, म्हणजे गाईच्या पहिल्या मोठ्या पोटातलं, आम्ल मारतो. म्हणजे कडू चवीचा फायदा बराचसा जिभेवरच होतो. बाटलीने थेट घशात ओतलेल्या काढ्यापेक्षा गुळात कालवून जिभेवर चोपडलेलं चूर्ण बरं, ते यासाठी. सुंठ, ओवा, हिंग वायू मोडायला थोडी मदत करतात. मिठाने तहान लागते, गाय पाणी जास्त पिते आणि पाणी प्यायली की चाराही खाते.

तापासाठी जे काढे देतात त्यात गुळवेल, किराईत, तुळस, कडुनिंब, मिरी असं असतं. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ जे पारंपरिक पशुऔषधोपचार शेतकऱ्यांना शिकवतं, त्यात तापाच्या कृतीत यातल्या बऱ्याच गोष्टी आहेत, त्यामुळे याला उगाच हसण्यात अर्थ नाही. ओल्या किराईतातलं कडू द्रव्य प्रयोगशाळेत उंदरांचा ताप उतरवतं, हेही खरं. तिथे यीस्ट टोचून ताप आणतात, औषध देतात, दर तासाला तापमान मोजतात आणि पॅरासिटामॉल दिलेल्या उंदरांशी तुलना करतात. पण उंदराला कोटीपोट नसतं. गाईच्या पोटात गेलेल्या कुठल्याही पाल्यावर आधी तिथले कोट्यवधी जिवाणू काम करतात, मग उरलं तर रक्तात जातं. आणि मुख्य मुद्दा, यीस्टने आणलेला ताप तसाही उतरणारच असतो. गोचीड तापाचं तसं नाही. तिथे ताप दिसतो बाहेर, जंतू असतो रक्तात.

आता मूळ प्रश्नाकडे. चूर्णाने दोन दिवसांत गुण येतो आणि आठ दिवसांत जातो, तो का? बहुतेक गोठ्यांत मी हेच पाहिलंय की गाय खात नाही म्हटल्यावर घरचे लोक चूर्ण तर देतातच, पण त्याचबरोबर पेंड बंद करतात, हिरवा घास टाकतात, स्वच्छ पाण्याची बादली तोंडासमोर नेऊन धरतात. गुण त्याचा असतो. गाय खायला लागली की पुन्हा पहिल्यासारखं चार किलो पेंड एकदम, पाणी पुन्हा दोन वेळा. आठवडा जातो, पोट पुन्हा आंबतं. पाकिटाला श्रेय मिळालेलं असतं, म्हणून पुन्हा पाकीटच येतं.

पहिली तपासणी: पाणी

फुकटची आहे, म्हणून आधी. आणि निम्म्या तक्रारी इथेच संपतात असं म्हटलं तरी चालेल.

पंधरा लिटर दूध देणाऱ्या संकरित गाईला मे महिन्यात दिवसाला ८० ते १०० लिटर पाणी लागतं. दोन वेळा बादलीने पाजून एवढं होत नाही. मनासारखं पाणी समोर असलं तर गाय मिनिटाला १५-२० लिटर सहज ओढते. ती लपलप करत घोट घेत असेल, डोकं वर करून ओठ चाटत असेल, तर पाण्यात काहीतरी बिघाड आहे. हात घालून बघा. एका गोठ्यात टाकी पत्र्यावर, पाइप काळा, उन्हात अंथरलेला. दुपारी एक वाजता हौदात पडणाऱ्या धारेखाली मी तळहात धरला आणि झटकन काढून घेतला. त्या गाईला ‘भूक लागत नाही’ म्हणून चूर्ण चालू होतं, आणि चूर्णात मीठ! तहान वाढवायची आणि प्यायला कढत पाणी द्यायचं, असा प्रकार. पाइपावर बारदान टाकलं, हौद सावलीत घेतला, एवढ्यावर काम झालं.

हौदाच्या कडेला बोट फिरवा. बुळबुळीत शेवाळ लागलं तर आठवड्याला घासून चुना मारा. गाईला पाण्याचा वास आपल्यापेक्षा लवकर येतो.

अंगातलं पाणी कमी झालंय का, ते मानेवर कळतं. कातडी चिमटीत धरून सोडा. लगेच जागेवर बसली तर ठीक. दोन सेकंदांहून जास्त वेळ उभी राहिली, डोळे खोल गेलेले दिसले, तर चूर्ण बाजूला ठेवा. अशा गाईला मीठ घातलेलं काहीही देणं चुकीचं, तिला सलाईन लागतं आणि ते डॉक्टरांचं काम आहे.

दुसरी: थर्मामीटर

शे-दोनशे रुपयांत येतो. माणसाचाही चालतो, फक्त तो परत घरात नेऊ नका. मागच्या टोकाला दोरा बांधा आणि दोऱ्याला कपडे वाळत घालायचा चिमटा, तो शेपटीच्या केसांना लावायचा. नाहीतर गाय शेण टाकते आणि थर्मामीटर त्यात जातो. काचेचा असेल तर झटकून पारा ९५ च्या खाली आणा, गुदद्वारात घालून थोडा तिरका धरा म्हणजे आतल्या कातडीला टेकेल, दोन मिनिटं ठेवा. शेणाच्या गोळ्यात घुसलेला थर्मामीटर खोटं सांगतो.

मोठ्या गाईचं साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. सकाळी गार वेळेत घ्या. मे महिन्यात दुपारी दोनला संकरित गाईचं १०३ आजार नसतानाही येतं; तेव्हा ती धापा टाकत असते, श्वास मिनिटाला साठच्या वर असतो, आणि पाणी मारून पंखा लावला की तासा-दोन तासांत खाली येतं. खरा ताप तसा उतरत नाही. म्हणून सकाळ-संध्याकाळ असं तीन दिवस मोजून वहीत लिहा.

हे इतकं का महत्त्वाचं? ताप आला की शरीर जी रसायनं सोडतं त्यांनीच मेंदूतली भूक बंद होते आणि कोटीपोटाची हालचाल मंदावते. तापात भूक जाणं हा पोटाचा दोष नसतो. तिथे पाचक चूर्ण देऊन काही होत नाही. ताप उतरला की गाय आपोआप खाते. उलटंही तितकंच खरं. ताप नसलेल्या गाईला तापाचा कडू काढा पाजून तिची उरलीसुरली भूक मारणारे लोक मी पाहिलेत.

तिव्याचं उदाहरण घ्या. पावसाळ्यात गाय अचानक थरथरते, १०५ ताप, आज या पायाने लंगडते उद्या त्या पायाने, खाणं बंद. याला तीन दिवसांचा ताप म्हणतात आणि बहुतेक जनावरं तीन-चार दिवसांत स्वतःहून उठतात. तेवढ्यात काढा पाजला तर काढ्याने बरी झाली, मांत्रिकाने दोरा बांधला तर दोऱ्याने. तिव्यात यश आलेला काढा मग गोचीड तापातही दिला जातो, आणि तिथे गाय जाते.

इथे आकडे स्पष्ट लिहितो. १०३ च्या आत आणि गाय थोडंफार खातेय: घरगुती काढा एक दिवस देऊन बघायला हरकत नाही. १०४ किंवा वर: डॉक्टर, त्याच दिवशी. १०० च्या खाली आणि कान गार: डॉक्टर, त्याच तासाला. नुकत्याच व्यालेल्या गाईत तो दुग्धज्वर असतो. नावात ज्वर असला तरी अंग थंड पडतं, गाय मान पोटाकडे वळवून बसते. तिला बाटलीने काहीही पाजू नका. गिळण्याची ताकदच गेलेली असते, काढा सरळ फुप्फुसात जातो. कॅल्शियमची बाटली स्वतः शिरेत सोडायच्या भानगडीतही पडू नका, जोरात गेली तर हृदय बंद पडतं.

आणि तापाचं इंजेक्शन दुकानातून आणून टोचू नका. एक तर ताप झाकला जातो आणि डॉक्टरांना चित्र दिसत नाही. दुसरं, डायक्लोफेनॅक जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे, कारण ते टोचलेलं जनावर मेलं की त्याचं मांस खाऊन गिधाडं मरतात. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवरही बंदी आली. तरी ‘माणसाचं चालतं’ म्हणून देणारे भेटतात.

तिसरी: चूर्ण बंद करून बघा

ऐकायला विचित्र वाटतं, पण ताप नसेल आणि गाय अगदीच उपाशी नसेल तर ही स्वस्त आणि सर्वांत जास्त शिकवणारी तपासणी आहे. चूर्ण थांबवा. त्याऐवजी रोज ३० ते ५० ग्रॅम साधं मीठ, डॉक्टर सांगतील तेवढं खनिज मिश्रण, आणि चोवीस तास समोर पाणी. चार-पाच दिवसांत गाय तेवढंच खायला लागली तर पाकिटातलं मीठ काम करत होतं, बाकीचं नुसतं सोबतीला. अशा गाई पूर्वीपासून भिंत चाटत असतात, माती खातात, दोरी चघळतात, मूत चाटतात. ही मीठ-स्फुरदाची उपासमार आहे. आमच्या भागात उसाच्या वाढ्यावर, म्हणजे शेंड्याच्या पाल्यावर, गाई पोसतात, वाढ्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, त्यामुळे खनिज मिश्रण इथे चैनीची वस्तू नाही.

पाकीट वाचताना आणखी एक बघा: कुचला, म्हणजे आपला काजरा, आहे का. पूर्वीपासून भूक वाढवायच्या औषधांत तो अगदी थोड्या मात्रेत घालतात. त्यात स्ट्रिकनीन असतं. ‘गुण येत नाही, डबल देऊ’ हा हिशोब इथे जिवावर बेततो. आचके येतात, जनावर ताठरतं. लिहिलेल्या मात्रेपेक्षा जास्त नको, आणि सतत तर नकोच. गाभण गाईला एलुवा (कोरफडीचा वाळवलेला रस) किंवा जोराचा जुलाब होईल असं काही देऊ नका. हिंग-लसणाचं चूर्ण धार काढून झाल्यावर द्या. नाहीतर दुधाला वास येतो आणि संकलन केंद्रावर कॅन बाजूला काढतात.

पाजताना गाय खोकली की लगेच थांबून डोकं खाली सोडा. जीभ बाहेर ओढून, मान आकाशाकडे करून पाजायची जुनी पद्धत सोडून द्या. तोंड पाठीच्या रेषेपेक्षा फार वर नको. ‘पाजल्यापासून धाप लागली, नाकातून येतंय’ असा फोन आला की मला पुढचं कळतं. श्वासनळीत गेलेला काढा न्यूमोनिया करतो, आणि तेल असेल तर आणखी वाईट. आधी नुसतं खाणं सोडलेली गाय अशा वेळी आपल्या हातून मरायला टेकते.

चौथी: डाव्या भकाळीवर मूठ

गाईच्या डाव्या बाजूला, शेवटच्या बरगडीमागे, कमरेच्या हाडाखाली जो खळगा असतो तिथे मूठ दाबून धरा आणि घड्याळ बघा. निरोगी गाईत मिनिटाला एक-दोनदा आतून लाट येऊन मूठ वर उचलते. दोन मिनिटांत एकही लाट नाही, म्हणजे कोटीपोट बंद. पिठाच्या गोळ्यासारखं दाबलं जाऊन खड्डा राहतो: खूप कोरडं खाणं साचलंय. पाणी हिंदकळल्यासारखं लागतं आणि शेण पातळ, आंबूस वासाचं, त्यात न पचलेले मक्याचे दाणे: आम्ल वाढलंय.

आमच्याकडे वारंवार खाणं सोडणाऱ्या गाईत हे आम्लच जास्त सापडतं. कारण ठरलेलं. सकाळी धारेच्या वेळी उपाशीपोटी तीन-चार किलो गोळीपेंड, वर भरडा, आणि चारा नंतर. धार काढताना गाय गुंतून राहते म्हणून ही सवय. उपाय औषधाच्या दुकानात नाही. आधी सुका-ओला चारा, मग पेंड. एका वेळी दोन-अडीच किलोच्या वर नको, दिवसात तीन वेळा वाटून द्या. कुट्टी अगदी बारीक करू नका, रवंथ लांब काडीने सुटतं आणि रवंथ म्हणजे लाळ. खाद्यात दिवसाला शंभर ग्रॅम खाण्याचा सोडा काही दिवस. पेंड बदलायची तर दहा-बारा दिवसांत हळूहळू. हे केलं आणि आठ दिवसांची ती फेरी तुटली, तर तुमचं उत्तर सापडलं.

मात्र लग्नाचा उरलेला भात, पोळ्या, भिजलेला गहू किंवा मका गाय एकदम भरपूर खाऊन गेली असेल तर हे घरगुती काही करत बसू नका. काही तासांत आम्ल रक्तात उतरतं, गाय झिंगल्यासारखी चालते आणि बसते. लगेच डॉक्टर. डावी बाजू ढोलासारखी फुगलेली असेल तरीही लगेच.

पाचवी: तोंड, पण आधी हे वाचा

तोंडात काटा, जिभेला जखम, झिजलेला दात, लाळ्या-खुरकुताचे फोड, यामुळे गाय भूक असून खात नाही. चाऱ्यापाशी जाते, घास घेते, पुन्हा टाकते. तोंड उघडून बघितलं की कळतं.

पण गाय लाळ गाळतेय, पाण्याला तोंड लावत नाही किंवा गिळता येत नाही, आवाज बदललाय, सारखी हंबरतेय, अंगावर येतेय, किंवा मागच्या काही महिन्यांत गोठ्यात पिसाळलेलं कुत्रं शिरल्याची शंका आहे: तोंडात हात घालू नका, चूर्ण चोपडू नका, बाटली लावू नका. रेबीज असू शकतो. ‘घशात काहीतरी अडकलंय’ म्हणून कोपरापर्यंत हात घालणारे बरेच असतात. हात लागला असेल तर साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि माणसांच्या सरकारी दवाखान्यात जा, जनावराचं काय ते नंतर.

सहावी: कास, गोचीड, वार

ताप असेल तर मागून पुढे या. चारही सडांची पहिली धार काळ्या फरशीवर किंवा गाळणीवर काढा. गुठळ्या, पाणी, रक्त, किंवा एक बाजू गरम-कडक असेल तर दगडी, म्हणजे कासदाह. नुकती व्यालेली असेल तर वार पूर्ण पडली का, घाण वास येतो का. या दोन्हींत भूक जाते आणि दोन्हींत चूर्णाचा काही उपयोग नाही.

मग शेपटीखाली, कासेच्या खोबणीत, कानात गोचीड. खांद्याच्या पुढे मानेच्या मुळाशी दोन्ही बाजूंना चाचपा. लिंबाएवढी गाठ हाताला लागली, ताप १०४ च्या वर, डोळ्याच्या पापणीची आतली बाजू फिकट, तर थायलेरिया, म्हणजे गोचीड ताप, समजून चाला. लघवी कॉफीच्या रंगाची असेल तर बबेसिया. दोन्ही गोचिडांनी पसरतात, दोन्हींना आपापलं ठराविक औषध आहे आणि उशीर झाला की रक्त इतकं कमी होतं की औषधही पोचत नाही. कानाच्या शिरेतला रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, तेवढ्यात निदान होतं. माझी अट आहे: गाठ आणि ताप दोन्ही असतील तर काढ्याचा एक डोसही वाट बघायची नाही.

सातवी: तारीख आणि लघवी

वही काढा. व्याल्यापासून साधारण दोन महिन्यांच्या आत, ताप नाही, दूध पटकन घटतंय, पोट खपाटीला जातेय, पेंड सोडून कडबा चघळतेय, तोंडाला गोडसर वास. ही किटोसिसची गाय. दुधासाठी अंगातली चरबी जळतेय आणि त्याचा कचरा रक्तात साचतोय. दवाखान्यात लघवीची साधी चाचणी होते. पावडरीवर थेंब टाकला की जांभळा रंग चढतो. चूर्णासोबतच्या गुळाने गाय तात्पुरती तरतरीत दिसते, पण गुळाची साखर कोटीपोटातच संपते. तिला शिरेतून ग्लुकोज आणि डॉक्टरांनी ठरवलेलं तोंडाने द्यायचं औषध लागतं. दरवर्षी त्याच गाईला होत असेल तर भाकड काळात ती किती लठ्ठ होते ते बघा.

शेण तपासायलाही याच वेळी द्या. कॅनॉलच्या कडेला, पाणथळ गवतावर चरणाऱ्या गाईच्या जबड्याखाली पाणी साचलं असेल तर चपटे कृमी. जंताचं औषध अंदाजाने बदलत राहण्यापेक्षा काडेपेटीभर शेण स्वस्त पडतं.

आठवी, आणि इथे घरचं काम संपलं: तार

वारंवार खाणं सोडणारी गाय, हलका ताप किंवा तोही नाही, सगळं वरचं करून झालं, तरी दर काही दिवसांनी पोट बंद. उताराला चालायला कांकू करते, बसताना-उठताना कण्हते, पुढचे कोपर अंगापासून लांब धरून पाठ कमानीसारखी करते. पाठीवर खांद्यामागे चिमटा घेतला तर निरोगी गाय पाठ खाली झुकवते, ही झुकवत नाही, हुंकारते. कडब्याच्या पेंढीची तार, बांधकामावरचा खिळा कुट्टीतून जाळीदार पोटात गेलाय आणि पुढे टोचतोय. पुढे लगेच हृदय आहे. गळ्याच्या पोळीला सूज आणि मानेची शीर दोरीसारखी फुगलेली दिसायला लागली तर उशीर झाला.

चूर्ण इथे उलट काम करतं. पोटाची हालचाल वाढली की तार आणखी पुढे सरकते. म्हणून हा संशय आला की सगळी पाचकं त्या क्षणी बंद. गाय पुढचे पाय उंच राहतील अशी बांधा आणि डॉक्टरांना बोलवा. ते लोहचुंबक सोडायचं की पोट उघडायचं हे ठरवतील. ऑपरेशनची सोय तालुक्याला नसेल तर ते शिरवळसारख्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पाठवतील. प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी भरलेलं पोटही असंच वागतं, आणि त्याला कुठलंही चूर्ण विरघळवत नाही, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो.

फोन कधी करायचा

वर विखरून लिहिलंय, घाईत असाल त्यांच्यासाठी एकत्र: ताप १०४ किंवा त्याहून वर, किंवा १०० च्या खाली; चोवीस तास पाणी नाही; रवंथ आणि पोटाची लाट दोन्ही बंद; डावी बाजू फुगलेली; लघवी लाल-काळी; गाय आडवी; पाजल्यानंतर धाप; शेवटच्या महिन्यातली गाभण किंवा नुकती व्यालेली गाय; आणि कुठलंही घरगुती औषध दोन दिवस देऊन फरक नाही. सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे.

डॉक्टर येईपर्यंत गाय सावलीत, पाणी समोर, पेंड बंद, तोंडाने कुठलंही औषध पाजायचं नाही. आणि काय काय दिलं ते लपवू नका. ‘डॉक्टर रागावतील’ म्हणून मावशी पाकीट शेणकईत लपवतात आणि आम्ही तिथे हिंगाचा वास घेत उभे असतो. चुर्णाचं पाकीट, काढ्यात काय घातलं त्याची यादी, तापाची वही आणि शक्य असेल तर स्वच्छ बाटलीत ताजी लघवी, एवढं तयार ठेवा.